वीस पावलांचा पाइप

कॉम्प्रेसर घ्यायला गेलेला माणूस पहिल्यांदा हॉर्सपॉवर विचारतो. अकरा वर्षांपूर्वी मीही तेच विचारलं होतं, आणि तेही असं, की जणू त्यातलं सगळं मला कळतं. आता कुणी सल्ला विचारायला आलं तर मी सांगते, हॉर्सपॉवर नंतर बघा. आधी तो मिनिटाला खरोखर किती हवा देतो ते बघा, टाकीचा पत्रा किती जाड आहे ते बघा, पंप किती वेगानं फिरतो ते बघा, आणि सगळ्यात आधी तो ठेवणार कुठं ते ठरवा. या शेवटच्या गोष्टीवर लोक हसतात. ठेवायचं काय, जागा असेल तिथं ठेवायचा, म्हणतात. मी विषय बदलते. त्या एका गोष्टीपायी मी एका माणसाचे कान घालवले आहेत, हे चारचौघांत कसं सांगायचं.

आमचं वर्कशॉप पन्हाळा रोडला आहे, नदी ओलांडली की थोडं पुढं. उसाच्या ट्रॉल्या रंगवणं हे मुख्य काम, अधूनमधून एखादा टेंपो. कारखाने सुरू व्हायच्या आधीचे दोन महिने मान वर करायला फुरसत नसते. वडिलांनी हे वर्कशॉप सुरू केलं तेव्हापासून रंगाचं काम ज्यांच्या हातात होतं त्यांना मी लहानपणापासून मामा म्हणते. सख्खे मामा नव्हेत. शाहूवाडीकडचे, घरी थोडी भाताची शेती, आणि हात असा की रंगाची गन एकदा फिरली की ओघळ नाही की डाग नाही. मी सातवीत असताना गन धरायला त्यांनीच मला शिकवलं. तेव्हा ते मला पोरी म्हणायचे. वडील गेले, मी केबिनमधल्या खुर्चीत बसले, आणि त्या दिवसापासून मामांनी ताई आणि अहो-जाहो सुरू केलं. मला ते बरं वाटलं होतं, हेही इथंच सांगून टाकते.

बरं वाटायला कारण होतं. बाकी कुणी मला धड मालक मानायला तयार नव्हतं. गावाकडून ट्रॉली घेऊन आलेला माणूस माझ्याकडे बघायचा, मग माझ्या मागं बघायचा आणि विचारायचा, मालक न्हाईत का? मीच मालक, असं सांगितलं की बरं बरं म्हणून मामांशी जाऊन बोलायचा. मला राग यायचा. माझा राग तसा नाकावरच असतो. अशात वडिलांच्या वेळचा छोटा कॉम्प्रेसर दमायला लागला. अर्धी ट्रॉली झाली की गनमधून हवा कमी यायची, मामा हात खाली करून उभे राहायचे आणि टाकी भरायची वाट बघायचे. मोठा घ्यायचं ठरलं, तेव्हा माझ्या डोक्यात नुसती हवा नव्हती. मला गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरेल असं काहीतरी हवं होतं.

दुकानात दोन पसंत पडले. एकाचा पंप मोठा, सावकाश फिरणारा, दिसायला अगदी साधा. दुसऱ्याची टाकी लालभडक, पंप लहान पण वेगानं फिरणारा, सुरू केला की दुकानातल्या काचा थरथरायच्या. मामा पहिल्याच्या बाजूचे होते. हळू फिरणारा पंप तापत नाही, हवेत पाणी कमी येतं, आणि पाणी कमी आलं की रंगाला फोड येत नाहीत, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मग म्हणाले, कुठलाही घ्या, पण आत ठेवू नका. वर्कशॉपात परत आल्यावर ते आपल्या रंगाच्या जागेपासून मागच्या भिंतीपर्यंत चालत गेले, पावलं मोजत.

"मागं पत्र्याचं शेड मारू, ताई. वीस पावलं हायत. येवढाच पाइप लागंल."

मी म्हणाले, "आवाज रस्त्यापर्यंत गेला पायजे, मामा. लोकांना कळू दे की हितं काम चालतंय."

मामा गन साफ करायला गेले. मी लाल टाकीवाला घेतला आणि दारातच, आत शिरता शिरता दिसेल असा बसवला. मामांच्या जागेपासून तो सहा पावलांवर आला. आवाज खरोखरच रस्त्यापर्यंत जायचा. समोरच्या टपरीवरची माणसं वळून बघायची, आणि मला छाती फुगल्यासारखी वाटायची.

एवढं मी बऱ्याच जणांना सांगितलं आहे, तरुणपणीचा बडेजाव म्हणून. पण ते पूर्ण खरं नाही. मामांनी दाखवलेली शेडची जागा माझ्या केबिनच्या भिंतीपलीकडे होती. तिथं कॉम्प्रेसर बसला असता तर दिवसभर तो माझ्या कानाशी वाजला असता आणि मला फोनवर बोलता आलं नसतं. हा विचार मी त्या वेळी केला होता. मामा पावलं मोजत होते तेव्हाच केला होता. रस्त्याला ऐकू जावा असा आवाज मला हवा होता, पण माझ्या कानाशी नको होता. मामांच्या कानाचं काय, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नाही.

त्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून सगळे खुणा करायला लागले. दोन बोटं अंगठ्यावर घासली की पॉलिश पेपर, मूठ वरून खाली ओढली की प्रेशर कमी, ओठाला अंगठा लावला की चहा. मिशीला पीळ दिल्यासारखं केलं की मालक. ती माझ्या वडिलांच्या मिशांची खूण होती, पण ते गेल्यावरही तीच चालू राहिली. लांबून कुणी मिशीला पीळ दिला की मी केबिनमधून उठायचे. नवीन आलेला पेंटर पहिले दोन दिवस हसायचा, मग तोही पीळ द्यायला लागायचा.

मामा मोठ्यानं बोलायला लागले ते नेमकं कधी, मला सांगता येत नाही. आमच्या कोल्हापुरात हळू बोलणाऱ्या माणसालाच लोक विचारतात, बरं नाही का म्हणून. फोनवर बोलताना तर फोनची गरजच पडू नये असं बोलतात. तेव्हा मामांचा आवाज चढला यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. वय होईल तसा माणूस आणखी कोल्हापुरी होतो, असं मी एकदा कुणाला तरी गमतीनं म्हणालेही होते.

मला दिसत होता तो त्यांचा हट्टीपणा. हाक मारली तर वळून बघत नाहीत, सांगितलेलं करत नाहीत. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कोडोलीच्या एका शेतकऱ्याची ट्रॉली आली होती. तिच्या मागच्या पत्र्यावर त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं काढलेला बैल होता. तो तेवढा ठेवा, असं सांगायला तो माणूस मुद्दाम परत आला. मी केबिनच्या दारातून ओरडले, मामा, मागचा पत्रा सोडा. मामा पाठमोरे होते. त्यांनी सावकाश, हात न हलू देता, तो बैल निळ्या रंगाखाली घातला.

त्या माणसासमोर मी मामांना नको ते बोलले. "ऐकून न ऐकल्यासारखं करता. वय झालं तुमचं, घरी बसा आता," असं म्हणाले. हे मात्र मी त्यांच्या समोर उभी राहून म्हणाले, त्यामुळे ते त्यांना कळलं. त्यांनी गनची नळी काढली, गन पुसून ठेवली आणि गेले. रविवारी सुट्टीच्या दिवशी येऊन त्यांनी तो बैल आठवणीवरून पुन्हा काढला. शेतकरी बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, आमच्या आप्पांच्या बैलावानी न्हाय, पन चालंल. मी मामांना कधी काही म्हटलं नाही. बैल काढून दिला म्हणजे विषय मिटला, असं मी धरून चालले.

यंदा पावसाळा सरता सरता त्या लाल कॉम्प्रेसरचा पंप गेला. दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. मी आणि मामा माझ्या स्कूटरवरून लक्ष्मीपुरीत एका दुकानात गेलो. पिढ्यान्‌पिढ्या मशिनरीचा धंदा करणारं जैन घर, दुकानातले शेठ मितभाषी. त्यांनी मला हॉर्सपॉवर विचारलीच नाही. एका वेळी किती गन चालतात, सलग किती वेळ, असं विचारलं आणि दोन कॉम्प्रेसर दाखवले. एक आमच्यासारखाच, पिस्टनचा. दुसरा बंद कपाटासारखा, त्याला ते स्क्रू म्हणतात. दोन्ही एकामागून एक चालवून दाखवले. पहिला सुरू झाला तसे मी कानांवर हात ठेवले, शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. दुसरा सुरू झाला तेव्हा पंख्याएवढी घरघर.

मामा दोन्हींच्या जवळ गेले. त्यांनी पहिल्याच्या टाकीवर तळहात ठेवला, मग दुसऱ्याच्या कपाटावर ठेवला, डोळे मिटून. मला वाटलं, जुना जाणता माणूस, हातानं मशीन ओळखतो. मला अभिमानसुद्धा वाटला. शेठांनी विचारलं, "काय पावणं, आवाजात फरक कळला का?"

मामा हसून मान हलवत म्हणाले, "दोनी सारखंच की. ह्यो जरा कमी हादरतोय, येवढंच."

शेठ माझ्याकडे वळले. मग हळू आवाजात, मामांच्या शेजारी उभे असूनही मामांना ऐकू जाणार नाही हे गृहीत धरून, त्यांनी मला विचारलं, "ताई, ह्यांचे कान कधी तपासलेत का?"

अर्ध्या तासाची ओळख असलेल्या माणसाला जे दिसलं ते रोज समोर असून मला दिसलं नव्हतं. बैल, पाठमोरे मामा, घरी बसा हे माझे शब्द, सगळं एकदम अंगावर आलं. मामा तेव्हा वाकून टाकीच्या तळाचा पाणी सोडायचा कॉक बघत होते.

येताना पुलाच्या अलीकडे एका गाड्यावर आम्ही चहाला थांबलो. मी त्यांच्या समोर बसले आणि ओठ नीट हलवत विचारलं, ऐकू येत नाही का, कधीपासून. त्यांनी बशीत चहा ओतला.

"सात-आठ वर्सं झाली असतील. आदी रानातली पाखरं गेली. मग नातीचं बोलनं गेलं. बाप्या मान्साचं अजून कळतंय थोडं थोडं."

मी म्हणाले, "मग मला सांगितलं का न्हाई, मामा?"

"तुमास्नी त्यो आवाज पायजे हुता की," मामा म्हणाले.

टोमणा नव्हता तो. कुठल्या ट्रॉलीला कुठला रंग पाहिजे हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. टोमणा असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, तेवढी मी तरबेज आहे. मी चहा तसाच ठेवला. लाजेनं माझी मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की सततच्या आवाजानं आतली नस गेली आहे, गेलेलं परत येत नाही. कामाच्या जागी मशीन किती लांब असतं, असं त्यांनी मामांना विचारलं. उत्तर मी दिलं. सहा पावलं म्हणाले. कानात घालायचं यंत्र आणलं. मामांनी ते आठ दिवस इमानदारीनं घातलं, मग रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं. त्यातून सगळंच एकदम अंगावर येतं, माणसाचं बोलणं आणि डब्याचं झाकण एकाच मापानं, असं त्यांचं म्हणणं होतं. अजूनही ते खिशातच असतं.

मी स्क्रू कॉम्प्रेसर घेतला. मागच्या भिंतीपलीकडे शेड मारलं, माझ्या केबिनला लागून, आणि तिथून मामांच्या जागेपर्यंत पाइप ओढला. हवेतलं पाणी काढायचं यंत्रही बसवलं. खरं म्हणजे एवढा शांत कॉम्प्रेसर आतसुद्धा चालला असता. पण मला तो तिथंच ठेवायचा होता. उशिरा का होईना, मामांचा शब्द मानल्यासारखं वाटावं म्हणून. पहिल्या दिवशी तो सुरू झाला तेव्हा वर्कशॉपात मला अकरा वर्षांत पहिल्यांदा गनचा फुसफुस आवाज ऐकू आला, बाहेरच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले. पेंटर मंडळी खूश झाली. गाणी लावायला लागली, काम करता करता गप्पा मारायला लागली. मला वाटलं, चला, काहीतरी फेडलं.

ते किती खोटं होतं हे खंडेनवमीला कळलं. त्या दिवशी आम्ही हत्यारं धुऊन पुसून मांडतो, कुठलंही मशीन चालवत नाही. गन, ब्रश, पत्रे ठोकायचे हातोडे, सगळ्यांना हळदकुंकू. अकरा वर्षं पहिला मान त्या लाल कॉम्प्रेसरचा असायचा, झेंडूची मोठी माळ त्याला. यंदा मागच्या शेडमध्ये जाऊन मी नव्याला माळ घातली, मामांनी नेहमीसारखा नारळ फोडला. मशीनला मी दरवर्षी हळदकुंकू लावत आले, आणि त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाला काय होतंय हे कधी विचारलं नव्हतं. माळ घालताना हे डोक्यात आलं.

नंतर सगळे खाली बसून प्रसाद खात होते. एक पेंटर आपल्या सासुरवाडीची काहीतरी गंमत सांगत होता, खाली मान घालून, तोंडात खोबरं. सगळे हसले. मामाही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. त्यांनी एकाच्या तोंडाकडे बघितलं, मग दुसऱ्याच्या, आणि मग हसले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की महिनाभरात कुणी मिशीला पीळ दिला नव्हता. कुणी ओठाला अंगठा लावला नव्हता. आवाज गेला तशी खुणांची गरज संपली, आणि सगळ्यांनी त्या सोडून दिल्या. जुन्या गोंगाटात सगळेच बहिरे होते, म्हणून मामा कुणापेक्षा कमी नव्हते. मी शांत मशीन आणलं आणि त्या शांततेत ते एकटे पडले.

मामा उठून ताटं गोळा करायला लागले. मी त्यांच्या मागं गेले आणि म्हणाले, "मामा, चूक माझी हाय." त्यांना ऐकू गेलं नाही. खरं सांगायचं तर क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं, म्हटलं तर सगळं बोलून झालं आणि कुणाला काही कळलंही नाही. मग त्या सुटकेचीच मला शरम वाटली. मी फिरून त्यांच्या समोर आले. आमच्या वर्कशॉपात पॉलिश पेपरला खूण होती, चहाला होती, मालकाला होती. माफी मागायला नव्हती. मी शाळेत धरायचे तसे दोन्ही हातांनी माझे कान धरले. सगळे बघत होते.

मामांनी ताटं खाली ठेवली. माझी मनगटं धरून त्यांनी हात खाली केले. नखांत रंग अडकलेले ते हात मी लहानपणापासून ओळखते.

"पोरी, कान धरून माजं कान माघारी येत्यात व्हय?" ते म्हणाले. नेहमीच्या चढ्या आवाजात, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. थोडं थांबून म्हणाले, "बोलताना माज्याकडं तोंड करून बोला म्हणावं ह्यास्नी. बास."

बाकी काहीही मागितलं असतं तर मी दिलं असतं आणि मोकळी झाले असते. त्यांनी मागितलं ते एवढंच, आणि ते रोज द्यावं लागतं. पेंटर मंडळींनी लगेच मान हलवली. खुणाही परत सुरू झाल्या, कुणी विसरला तर दुसरा त्याला कोपर मारतो. माझ्यापेक्षा ते लवकर शिकले.

सगळ्यात जास्त विसरते मी. आठवड्यातून दोन-तीनदा तरी केबिनच्या दारातून मी मामा म्हणून हाक मारते, ते पाठमोरे असतात, उत्तर येत नाही, आणि माझ्या डोक्यात तोच जुना राग चढतो, ऐकून न ऐकल्यासारखं करतात म्हणून. मग आठवतं. मग मी उठते, चालत त्यांच्यापर्यंत जाते आणि समोर उभी राहून बोलते. वीस पावलं आहेत.